गंगाताईंचं वजावय

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर गंगाताईंचं पार्लर आहे. दारावर इंग्रजी नावाची गुलाबी पाटी आहे खरी, पण साळवी स्टॉपच्या रिक्षावाल्यांना 'गंगाताईंकडे' एवढं सांगितलं की पुरतं. आत दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि केसांच्या रंगाचा उग्र वास. तो वास जिन्यानं चढत दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात येतो आणि वाळत घातलेल्या कपड्यांत बसतो.

बाई हुशार, हे मी आधीच लिहून टाकते, कारण पुढे लिहायला मन होणार नाही. राजापूरकडच्या एका वाडीतली मुलगी, दहावीपर्यंत शिकलेली. नवरा मुंबईत कारखान्यात होता, तिथंच आजारी पडून गेला. मूलबाळ नव्हतं. दिराजावांच्या घरात भांडी घासत बसण्यापेक्षा ही रत्नागिरीत आली, दुसरीच्या पार्लरमध्ये झाडू मारता मारता काम शिकली आणि भाड्याच्या गाळ्यात स्वतःचं दुकान मांडून बसली. हातात दोरा धरला की तिचं तोंडही सुरू. दोऱ्यानं ती भुवया कोरायची आणि तोंडानं शब्द.

तिच्या दुकानात 'खोटं वय' असं कुणी म्हणायचं नाही. त्याला तिचे स्वतःचे शब्द होते. निवृत्तीला आलेल्या एका शिक्षिकेला म्हणाली, "बाई, तुमचं वय उपासाला बसवा. वयउपास. गेली चार वर्षं काही खाल्लं नाही त्यानं, असं समजायचं." एका डॉक्टरीणबाईंच्या आईनं आपलं वय बरंच खाली सांगितलं तेव्हा, "आजीनं वर्षदान केलं हो, पुण्य लागेल." समोरच्या चाळीतले सदूअण्णा पंचाहत्तरी गाठायच्या आधीच एसटीत फुकट बसायला बघतात, कंडक्टरनं कार्ड मागितलं की घरी विसरलो म्हणतात, त्यांना, वयात भर घालतात म्हणून, 'भरतीचे अण्णा' म्हणायची. आणि सगळ्यांत लाडका शब्द 'वजावय'. कागदावरचं वय आणि तोंडावरचं वय यांच्यात जो फरक, तो वजावय.

"काय वहिनी, तुमचं वजावय किती?" मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा.

"शून्य," मी म्हटलं.

"अरेरे. म्हणजे हौसच नाही तुम्हाला."

खुर्चीतल्या बायका खो-खो हसल्या. त्या हसण्यात काय होतं ते मला बरंच नंतर कळलं. तुम्ही वय खोटं सांगता का, असं कुणी विचारलं असतं तर ह्याच बायका तोंड फिरवून उठल्या असत्या. वजावय विचारलं की लाजत बोटं दाखवायच्या. शब्द गोड झाला की गोष्टही गोड होते. आमच्याकडे सापाला 'लांबडं' म्हणतात, तेवढ्यानं तो चावायचा थांबत नाही.

बायकांनी चेहऱ्यावरची चार वर्षं पुसली तर माझ्या पोटात दुखायचं कारण नाही. ज्या जगात चाळिशीच्या बाईला दुकानदार न मागता 'आजी' म्हणतो, तिथं तिनं थोडी चलाखी केली तर करू दे. मला शिसारी आली ती गंगाताई स्थळं जुळवायला लागल्यावर.

पार्लरवाल्या बाईला दोन्हीकडची घरं ठाऊक असतात. मुलीकडच्या भुवया करतात, मुलाच्या बहिणी मेंदी लावतात. आणि आमच्याकडे मुलगे रखडलेत, हेही खरंच आहे. गावात राहिलेल्याला मुलगी मिळत नाही, कारण तो गावात आहे. मुंबईला गेलेल्याला मिळत नाही, कारण त्याची खोली लहान आहे. असे रखडलेले लोक शिमग्याला, गणपतीला गावी आले की गंगाताईंच्या दुकानात दुपारी, बायकांची वर्दळ नसताना, मागच्या खुर्चीत येऊन बसायचे आणि केस काळे करून जायचे. त्यांच्यासाठी तिनं नवा शब्द काढला, 'बर्फातलं स्थळ'.

"मिरकरवाड्यात पापलेट बर्फात असतो की नाही? तसा मुंबईचा मुलगा. चार दिवसांचा की आठ, काय फरक पडतो?"

"कल्ले उघडून बघितले तर?" कुणीतरी विचारलं.

"नवऱ्याचे कल्ले कोण उघडतं? मुलीचेच उघडतात."

पुन्हा हसणं. मी त्या दिवशी घरी आले आणि फ्रीजमधली मासळी काढून कामवाल्या बाईला देऊन टाकली. जेवायला आमटी-भातच केला.

गाळ्याची मालकीण मृणालीताई. लांज्याजवळच्या गावची, इथे नवऱ्याबरोबर राहते. तिचा धाकटा भाऊ दीपक मुंबईला एका कंपनीच्या गोदामात आहे. ह्या दीपकच्या लग्नाचं मृणालीताईंनी गंगाताईंवर सोपवलं होतं. गाळ्याचा करार संपत आला होता आणि पुढचा करायचा की नाही हे मृणालीताई काही बोलत नव्हत्या. दुकान गेलं तर गंगाताईंचं सगळंच गेलं, हे मला समजत होतं. पण समजणं वेगळं आणि पटणं वेगळं.

दीपकला नकार येत गेले आणि प्रत्येक नकारानंतर त्याचं वय एक पायरी उतरत गेलं. मी त्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो अडतीसचा होता. पुढच्या गणपतीत पस्तिसाचा झाला. रुचिराला दाखवायची वेळ आली तेव्हा एकतीस.

रुचिरा म्हणजे गंगाताईंच्या सख्ख्या भावाची, मोरूची मुलगी. कॉलेजसाठी आत्याकडे, पार्लरमागच्या खोलीत राहायची. एकवीस वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. संध्याकाळी आमच्या गच्चीवर येऊन मैत्रिणीबरोबर, सानवीबरोबर, अभ्यास करायची. पास झाल्यावर बँकांच्या परीक्षांना बसायचं दोघींनी ठरवलं होतं.

"गंगाताई, ही तुमची भाची," मी एकदा म्हटलं.

"म्हणून तर ओळखीचं घर बघितलं."

"दीपक किती वर्षांचा?"

"एकतीस."

"वजावय धरून की सोडून?" माझ्या तोंडून गेलं, आणि तो शब्द आपल्या जिभेवर आला याचीच मला किळस वाटली.

गंगाताई खूश झाल्या. "शिकलात की, वहिनी."

रुचिरानं मला जिन्यात गाठलं ते मार्चच्या शेवटी. हातात पुस्तक होतं, पण बोट पानात न घालता मिटलेलं.

"काकू, ते एकतीसचे वाटतात तुम्हाला?"

"नाही वाटत. तू विचारलंस?"

"विचारलं. आत्ये हसली. म्हणाली, पुरुष आणि फणस बाहेरून बघायचा नसतो. बाबांना विचारलं तर म्हणाले, ताय खोटं कशाला सांगेल." तिनं पुस्तक दुसऱ्या हातात घेतलं. "रविवारी त्यांच्या गावी देवाला नारळ ठेवायचा आहे. एकदा ठेवला की ठरलं. आत्येला तुमची गाडी हवीय. तुम्ही नाही म्हणणार असाल तर म्हणा, पण येणार असाल तर या."

मी गेले. गाडी मी चालवत होते, शेजारी गंगाताई, मागे रुचिरा. हातखंब्यापर्यंत गंगाताई बोलत होत्या. लग्न आधी, निकाल नंतर, मुंबईत खोली आहे, सासू नाही, म्हणजे राज्यच. रुचिरा खिडकीतून बाहेर बघत होती. आरशात मला तिचा अर्धाच चेहरा दिसत होता.

गावाच्या देवळापाशी माणसं जमली होती. मृणालीताई, त्यांचे दोन चुलते, रुचिराचे आईवडील. मोरू पांढरी टोपी घालून पुढे. रुचिराची आई, चिमा, मागे, बायकांच्यात. आणि दीपक. आदल्या दुपारी गंगाताईंनीच त्याला रंगवला होता. उन्हात उभा राहून तो घामाघूम झाला होता आणि कानामागून एक काळपट ओघळ कॉलरपर्यंत आला होता. रुमालानं तो सारखा मान पुसत होता. रुमालही काळा झाला होता, म्हणून तो मुठीत लपवत होता.

ज्यांना कोकणातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे काही शुभ करायचं तर आधी गावदेवापुढे गाऱ्हाणं घालतात. गावचा मानकरी हात जोडून मोठ्यानं देवाशी बोलतो, कोण आलंय, कशाला आलंय, काय मागतंय. तो एकेका वाक्यावर थांबतो आणि जमलेले पुरुष एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. लहानपणापासून सवय झालेली असते. पावसात छत्री उघडावी तसा तो 'व्हय' आपोआप बाहेर पडतो. कशाला व्हय म्हटलं ते पुष्कळदा म्हणून झाल्यावर कळतं.

मानकरी भागोजी म्हणून एक म्हातारे होते. गंगाताई त्यांना बाजूला घेऊन म्हणाल्या, ते मी शेजारीच असल्यानं ऐकलं, "आबा, वयाबियाचं काय काढू नका हां. पोरीकडची मंडळी आहेत."

"माणसांम्होरं मी कशाला काढू?" भागोजी म्हणाले आणि टोपी नीट करून उंबऱ्यापाशी गेले.

रुचिराच्या हातात नारळ दिला होता. गाऱ्हाणं संपलं की तिनं तो उंबऱ्यावर ठेवायचा.

"हे म्हाराजा," भागोजींचा आवाज वयाच्या मानानं खणखणीत होता, "आज दोन घरांची मंडळी तुज्या पायरीशी आली हायेत."

"व्हय म्हाराजा."

"हा दीपक. तुज्या मंडपावर पयला पत्रा चढला त्या साली ह्याच्या आयशीनं तुज्या म्होरं पदर पसरून ह्याला मागून घेतला."

"व्हय म्हाराजा."

"त्याला आज बेचाळीस सालं झाली."

"व्हय म्हाराजा." मोरूचा आवाज सगळ्यांत मोठा. दीपकनंही म्हटलं.

"बेचाळीस सालात ह्याच्या कपाळाला मुंडावळ्या लागल्या नायत. ह्या पोरीच्या पायानं त्या लागू देत."

"व्हय म्हाराजा."

मोरूच्या ओठांवरचा 'व्हय' अजून पुरता मिटला नव्हता आणि त्याचे डोळे दीपकच्या कॉलरवर गेले होते. भागोजी मागे वळले. आपण काही चुकीचं बोललो असं त्यांच्या तोंडावर नव्हतं. देवाला वर्ष सांगावंच लागतं, नाहीतर कुठल्या पोराचं बोलताय ते त्याला कसं कळणार?

गंगाताई सावरल्या. एवढ्या लवकर सावरल्या की मला अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

"ती देवसालं हो," त्या हसून म्हणाल्या. "देवाची सालं वेगळी, माणसांची वेगळी. पूर्वी शिमग्यापासून मोजायचे, कुणी पाऊस मोजायचे, त्यात दहा-अकरा इकडे तिकडे व्हायचीच."

आणि एक चुलता हसला. खरोखर हसला. 'देवसालं' म्हणत मान हलवली. मृणालीताईंच्याही तोंडावर सैलपणा आला. देवाच्या दारात, मुलीच्या हातात नारळ असताना, ह्या बाईनं एक नवा शब्द काढला आणि त्या शब्दाच्या सावलीला सगळे जाऊन उभे राहायला लागले.

"दीपक," मी विचारलं. मला बोलायचा काही अधिकार नव्हता. "तुमचं वय किती?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "बेचाळीस. मी रंग नको म्हणत होतो. मृणालीतायला म्हटलं होतं, खरं सांग. पण ती म्हणाली, खरं सांगून सात ठिकाणी नकार आले ना."

मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. आपलं खोटं वय समोर ऐकत गप्प बसलेल्या माणसाचा मला त्याच्या काळ्या रुमालाइतकाच कंटाळा आला.

मोरू मात्र वेगळ्याच कोड्यात अडकला होता. "फसवलं आपल्याला," असं म्हणायच्या ऐवजी तो म्हणाला, "आता आपण देवासमोर व्हय म्हटलं ना, ताय?"

"म्हटलंस की. मोठ्यानं म्हटलंस," गंगाताई म्हणाल्या.

"मंग माघार कशी घ्यायची? देवाच्या दारात शब्द दिला."

"बाबा, तुम्हाला ठाऊक नव्हतं," रुचिरा म्हणाली.

"देवाला ठाऊक होतं ना. त्यानं म्हणवून घेतलं."

हा माणूस वाईट नाही. कुणाचा बांध कोरला नाही, कुणाशी भांडला नाही. सवयीनं तोंडातून निघालेल्या एका हुंकाराखाली तो आपली मुलगी द्यायला तयार झाला होता, आणि त्यात त्याला पाप दिसत नव्हतं. पाप दिसत होतं ते शब्द मोडण्यात.

"ठेव बाळ नारळ," मृणालीताई म्हणाल्या. "ऊन झालंय."

रुचिरा हलली नाही. "मी व्हय म्हटलेलं नाही," ती म्हणाली.

"बायकांनी म्हणायचंच नसतं," चुलता म्हणाला.

"नारळ ठेवल्याबिगर गाऱ्हाणं पुरं व्हत नाय," भागोजी म्हणाले. कुणाच्या बाजूनं म्हणाले ते कळलं नाही. रीत होती ती सांगितली. "ठेवायचा का नाय ते ठरवा. मला जेवायला जायचंय."

सगळे रुचिराच्या हाताकडे बघत राहिले. नारळ घामानं ओला झाला होता, बोटं पांढरी पडली होती. मोरू पुढे झाला, मुलीच्या मनगटाला धरणार इतक्यात बायकांच्यातून चिमा आली. सकाळपासून तिचा आवाज मी ऐकला नव्हता. तिनं मुलीच्या हातातून नारळ काढून घेतला आणि स्वतःच्या पिशवीत टाकला. पिशवीत टॉवेल होता, पाण्याची बाटली होती, त्यांच्यामध्ये नीट बसवला. मग चप्पल घालायला लागली.

"अगो, काय करतंस?" मोरू.

"घरी जातोय आपण," ती म्हणाली.

परत येताना गंगाताई माझ्या गाडीत बसल्या नाहीत. रुचिरा आईबरोबर गावी गेली. मी एकटीच आले.

मंगळवारी दुपारी मी पार्लरमध्ये होते. जायला नको होतं, पण रुचिराचं काय झालं ते कळायला दुसरी जागा नव्हती. खुर्चीत एक बँकेतली बाई भुवया करून घेत होती आणि गंगाताई तिला देवळातली गोष्ट सांगत होत्या. गोष्टीत देवसालं होती, भागोजी बहिरे झालेले होते, मोरू भोळा होता, चिमा अडाणी होती. बाई डोळे मिटून हसत होती.

दारात चिमा उभी. मागे रुचिरा.

"या वैनी," गंगाताई दोरा न सोडता म्हणाल्या. "बसा. चहा सांगते."

"पोरीचे कपडे नेऊक आलंय. आणि पुस्तकं."

"राग धरलात होय? मी काय परक्याला देत होते? दोघांच्या वयाची सरासरी काढली तर एकतीसच येतं की. सरासरवय." हात पुढे करून त्यांनी बँकेतल्या बाईकडून टाळीही घेतली.

चिमा हसली नाही, रागावलीही नाही. "वन्सं, तुमच्या भावाचं वय तुम्ही माझ्या बापाला पंचवीस सांगितलंत," ती म्हणाली. "मी अठराची व्हते. हळदीच्या दिवशी मला कळलं, पस्तीस. मी रडायला लागले तशी तुम्ही म्हणालात, वैनी, दहा सालं मी तुला आहेर दिली. सगळी हसली. नवीन नवरी कशी बसणार गप्प, मी पण हसले."

दोरा थांबला. बँकेतल्या बाईनं डोळे उघडले.

"मग?" गंगाताई म्हणाल्या. "झाला ना संसार चांगला?"

"झाला का, ते मला आजपर्यंत कुणी विचारलेलं नाय. तुम्ही पण आता विचारलं नाय, सांगितलंत."

गंगाताईंनी आरशात स्वतःकडे बघितलं, मग बाईकडे, मग माझ्याकडे. काहीतरी शोधत होत्या. मला वाटतं, शब्दच शोधत होत्या, आणि तो सापडला असता तर त्या बोलल्याही असत्या, याची मला खात्री आहे. तेवढ्यात बाई म्हणाली, "एकच भुवई झालीय हो," आणि गंगाताईंनी सुटका झाल्यासारखा दोरा पुन्हा दातात धरला.

मी आत जाऊन रुचिराला कपडे गोळा करायला मदत केली. फार नव्हते. एक बॅग आणि पुस्तकांची पिशवी. हॉल तिकीट उशीखाली होतं, ते तिनं आधी घेतलं. बाहेर येईपर्यंत पार्लरमध्ये दुसरी गोष्ट सुरू झाली होती. कुणाच्या तरी सासूनं वाढदिवस करू नका म्हटलं, त्याची. बँकेतली बाई पुन्हा हसत होती.

रस्त्यावर रिक्षा थांबवली. बॅग चिमानं मांडीवर घेतली.

"बाबा काय म्हणतात?" मी रुचिराला हळूच विचारलं.

"देवाला दंड भरतो म्हणाले. कोंबडा देणार आहेत. आईशी बोलत नाहीत."

"बोलतील," चिमा आतून म्हणाली. "जेवतात ना माज्याच हातचं." मग मुलीकडे वळली. "पेपर कधी हाय?"

"सोमवारी पहिला."

"मंग सानवीच्या आयशीला मी सांगून येते. परीक्षा व्हईपर्यंत तिथं राहायचं. बँकेचं काय ते नंतर बघू." तिनं पदर खोचला आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चला, दादा. पत्ता हिला माहीत हाय."